लाईट गेल्यावर एक्सेलची फाईल: काय परत मिळते, काय नाही

अंबड तालुक्यातल्या महाकाळ्याजवळचे अंकुशनगर ओळखले जाते ते कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे. गाळप सुरू झाले की अशा परिसरात कारखान्याच्या फाटकाबाहेरही हिशेबाचे काम वाढते. मुकादमाने ऊसतोड टोळीला दिलेल्या उचलीचा तक्ता, वाहनमालकाने मांडलेला खेपांचा आणि डिझेलचा हिशेब, कृषी सेवा केंद्राचा खतसाठा, बचत गटाची कर्जनोंद, शेतकऱ्याने स्वतःपुरती ठेवलेली वजनाच्या पावत्यांची यादी. कारखान्याच्या कचेरीतली मोठी संगणक प्रणाली हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा घरातल्या टेबलावर एक्सेलमध्ये चालणारे हे काम. यातला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी पैशाचा असतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत त्याची किंमत मिळायला हवी, आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज देय होते. म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या यादीत ऊस कोणत्या तारखेला गेला ही साधी नोंदही त्याच्या हक्काचा आधार ठरते. अशा तक्त्यात दुपारभर भर घातली, जतन करायचे राहिले आणि लाईट गेली, तर पुढे काय करायचे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: फाईल परत मिळणार की नाही, हे लाईट जाण्याआधीच ठरलेले असते. लाईट आल्यावर आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात. जे उरले आहे ते कुठे आहे हे शोधणे, आणि ते आपल्याच हाताने पुसले जाऊ न देणे. याचे कारण संगणकाच्या रचनेत आहे. आपण टाईप केलेला आकडा आधी रॅममध्ये जातो. रॅम विजेवर जगते. वीज तुटली की तिच्यातले सारे पुसले जाते आणि कोणतेही सॉफ्टवेअर, कोणताही कारागीर ते परत आणू शकत नाही. हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर जे लिहिले गेले तेवढेच मागे राहते. तेव्हा खरा प्रश्न असा, की वीज जाईपर्यंत डिस्कवर नेमके काय काय लिहिले गेले होते? उत्तरे तीनच निघतात. तुम्ही शेवटचे सेव्ह केले तेव्हाची मूळ फाईल. एक्सेलने ठराविक वेळाने स्वतःहून करून ठेवलेली ऑटोरिकव्हर प्रत. आणि नेमके सेव्ह चालू असताना वीज गेली असेल तर अर्धवट राहिलेली तात्पुरती फाईल. या तिन्हींपैकी काहीच नसेल, तर शोधण्यात रात्र घालवण्यापेक्षा पावत्या समोर घेऊन पुन्हा टाईप करणे लवकर संपते.

लाईट परत आल्यावरची पहिली काही मिनिटे सर्वांत मोलाची, आणि बहुतेक नुकसान याच वेळात होते. संगणक एकाच माणसाच्या हातात असेल असे नाही. दुकानातला मुलगा तो सुरू करतो, एक्सेल उघडतो, डाव्या बाजूला डॉक्युमेंट रिकव्हरीची पट्टी येते, ती काय आहे हे न वाचता तो ती बंद करतो. पट्टी बंद करताना एक्सेल विचारते, की या फाइल्स नंतर पाहायच्या आहेत की काढून टाकायच्या. तिथे काढून टाका असे उत्तर गेले, की असलेली प्रतही जाते. म्हणून संगणक अचानक बंद पडला तेव्हा जो काम करत होता, त्यानेच तो पुन्हा सुरू करावा, आणि तो येईपर्यंत इतरांनी एक्सेल उघडू नये. पट्टीत एकाच फाईलच्या दोन नोंदी दिसू शकतात, एक मूळ आणि एक ऑटोरिकव्हर झालेली, आणि त्यांच्यासोबत वेळही असते. दोन्ही उघडून पाहा. ऑटोरिकव्हर प्रतीत जास्त ओळी असतील तर ती मूळ फाईलवर सेव्ह करू नका. सेव्ह अ‍ॅज करून नवे नाव द्या, त्यात तारीख घाला. मूळ फाईल जशीच्या तशी राहू द्या. परत आलेल्या प्रतीत सूत्रे बिघडलेली निघाली, तर जुनी फाईल हाच तुलनेचा एकमेव आधार असतो.

पट्टी आलीच नाही म्हणून सारे संपले असे धरू नका. एक्सेल 2010 पासून पुढच्या आवृत्त्यांत फाईल, इन्फो, मॅनेज वर्कबुक या वाटेने गेले की रिकव्हर अनसेव्ह्ड वर्कबुक्स असा पर्याय मिळतो (2010 सारख्या जुन्या आवृत्त्यांत त्या बटणाचे नाव मॅनेज व्हर्जन्स आहे). एकदाही सेव्ह न केलेले, बुक1 असेच नाव असलेले तक्ते इथे सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण या फाइल्स कायमच्या राहत नाहीत. मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी 4 दिवसांची मुदत ठेवली आहे. शनिवारी लाईट गेली आणि शोध पुढच्या शुक्रवारी सुरू झाला, तर उपयोग नाही. दुसरी जागा म्हणजे ऑटोरिकव्हरचे फोल्डर. ते शोधायला पाठ केलेला पत्ता लागत नाही: फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ऑटोरिकव्हर फाईल लोकेशन या चौकटीत पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तो कॉपी करून फाईल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. यातले अ‍ॅपडेटा फोल्डर विंडोज लपवून ठेवते, म्हणून माऊसने शोधत गेलात तर दिसत नाही. पत्ता चिकटवला की थेट उघडते. तिथे काही दिसलेच, तर आधी ते सगळे फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करा आणि मग त्या प्रतीवर काम करा. मूळ फाईलच्या फोल्डरमध्ये कधी कधी नावाआधी नागमोडी रेघ आणि डॉलरचे चिन्ह असलेली बारीकशी फाईल दिसते. तिच्यात तुमचे आकडे नसतात; फाईल कोणी उघडली आहे एवढीच नोंद तिच्यात असते. तिच्यामागे लागू नका.

पैसे न देता वापरायचे म्हणून अनेकजण लिब्रेऑफिस कॅल्क वापरतात, आणि त्यातही ही सोय आहे. अचानक बंद पडल्यानंतर ते पुन्हा उघडले की स्वतःच रिकव्हरीची खिडकी दाखवते. तिथे घाईने रद्द करू नका. याशिवाय प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत बाजूला ठेवण्याची सोय त्यात आहे. ती कोणत्या फोल्डरमध्ये जाते हे टूल्स, ऑप्शन्समधल्या पाथ्स या पानावर बॅकअप्स समोर लिहिलेले असते.

आता तिसरी शक्यता, जी फार थोड्यांना माहीत असते. एक्सेल सेव्ह करताना थेट तुमच्या फाईलवर लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षरांच्या अर्थहीन नावाची, विस्तार (एक्स्टेन्शन) नसलेली एक फाईल तयार करते. लिहून पूर्ण झाले की जुनी फाईल काढते आणि नवीला तिचे नाव देते. नेमक्या याच क्षणी वीज गेली, तर तुमची फाईल गायब दिसते आणि शेजारी ती अनोळखी नावाची फाईल पडून असते. लोक तिला कचरा समजून पुसतात. तसे करू नका. तिची प्रत काढा, प्रतीच्या नावापुढे टिंब देऊन तुमच्या फाईलचा नेहमीचा विस्तार जोडा आणि उघडून पाहा. उघडताना फाईल खराब आहे असा निरोप आला, तर एक्सेलमधून ओपन, ब्राऊझ या वाटेने ती निवडा आणि ओपन बटणाशेजारच्या बाणावर दाबून ओपन अँड रिपेअर घ्या. दुरुस्ती करताना एक्सेल कधी सूत्रे काढून फक्त उत्तरे ठेवते, कधी रंग-रेघा आणि फॉन्ट काढते. पेनड्राइव्हवरच तक्ता उघडून काम करणाऱ्यांना फाईल अशी अर्धवट राहण्याचा धोका जास्त. संगणकातली डिस्क साधारणपणे एनटीएफएस पद्धतीची असते आणि तिच्यात फोल्डरांची मांडणी सावरून घेणारी रोजनोंद असते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅटचा, आणि त्यात ती नसते. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी वापरावा, त्यावर बसून काम करू नये.

इथे मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत नावे टाईप केलेली असतील, तर ती अक्षरे प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांच्या रूपात साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. दुरुस्तीत फॉन्ट गळाला, किंवा फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली, की शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाईल बिघडली असे समजून ती फेकून दिली जाते, आणि ही हळहळ वाटावी अशी चूक आहे, कारण माहिती पूर्ण शाबूत असते. तो स्तंभ निवडून पुन्हा तोच फॉन्ट लावला की नावे परत दिसतात. युनिकोडमध्ये काम करणाऱ्यांना ही अडचण येत नाही. त्यांनी फक्त तक्ता साध्या सीएसव्ही रूपात सेव्ह करणे टाळावे, कारण त्यात मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती मात्र परत फिरत नाहीत. सीएसव्ही लागतच असेल, तर यादीतला यूटीएफ-8 असे लिहिलेला प्रकार निवडावा.

यावर कोणी म्हणेल, की एवढी खटपट कशाला, डेटा रिकव्हरीचे सॉफ्टवेअर टाकले की झाले. अशी सॉफ्टवेअरे खोटी नाहीत. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज फाईल रिकव्हरी नावाचे मोफत साधन दिले आहे. पण ती पुसल्या गेलेल्या फाइल्स शोधतात, म्हणजे कधीतरी डिस्कवर लिहिल्या गेलेल्या. जे डिस्कवर आलेच नाही, ते त्यांना सापडणार नाही. पट्टीतली प्रत चुकून काढून टाकली गेली असेल, तर त्यांचा उपयोग होऊ शकतो, तोही तातडीने आणि योग्य रीतीने केला तरच. त्याच ड्राइव्हवर सॉफ्टवेअर उतरवले, तर ते नेमके त्या मोकळ्या जागेवर बसून शोधायची फाईलच झाकून टाकू शकते. ते दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवावे आणि सापडलेली फाईलही दुसरीकडेच ठेवावी. एसएसडीत आशा आणखी कमी, कारण पुसलेली जागा मोकळी करून ठेवण्याची आज्ञा विंडोज तिला आपणहून देते. प्रशिक्षण वर्गातल्या संगणकांवर तर कधी कधी पुन्हा सुरू होताच सारे पूर्वस्थितीत नेणारे सॉफ्टवेअर बसवलेले असते. तिथे शोधण्यासारखे काही उरतच नाही. सॉफ्टवेअरच्या आधी तुमच्याच पाठवलेल्या गोष्टी तपासा: सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला तक्ता पाठवला होता का, ई-मेलमध्ये जोडला होता का, प्रिंटसाठी पीडीएफ काढली होती का. दुपारी गेलेल्या फाईलची सकाळची प्रत अशीच कोणाच्या तरी फोनमध्ये निघते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: यूपीएस किंवा इन्व्हर्टर असताना ही वेळ येतेच कशी? यूपीएस जरूर घ्यावा, त्याविरुद्ध काही म्हणायचे नाही. एका डेस्कटॉपला लहान यूपीएस काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती मिनिटे देतो, आणि तेवढी पुरतात. पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकली हे लाईट गेल्यावरच कळते. महिन्यातून एकदा, कोणतीही महत्त्वाची फाईल उघडी नसताना, यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करून संगणक किती वेळ टिकतो ते पाहावे. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी त्याच्यामागचा खटका पाहावा. बऱ्याच इन्व्हर्टरांना साधा आणि यूपीएस असे दोन प्रकार असतात. साध्या प्रकारात लाईटवरून बॅटरीवर जायला इतका वेळ लागतो, की पंखा आणि दिवा चालू राहतात पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसवर हवा. मराठवाड्यात हंगाम संपत आला की मार्च-एप्रिल-मेमध्ये वळवाचे वारे आणि विजा सुरू होतात, आणि वर्षअखेरीचे हिशेबही त्याच सुमाराला येतात. तेव्हा हे तपासणे फेब्रुवारीतच उरकलेले बरे. तरीही यूपीएस फक्त वीज जाण्यापासून वाचवतो. विंडोज अपडेट होऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे, एक्सेल अडकून बंद पडणे, कोणाचा पाय लागून वायर निघणे यांवर त्याचा उपाय नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा: हे सगळे सोडा आणि गूगल शीट्स वापरा, किंवा फाईल वनड्राइव्हवर ठेवून ऑटोसेव्ह चालू करा. सल्ला चांगला आहे, आणि ज्यांना जमेल त्यांनी तो घ्यावा. तिथे जवळजवळ प्रत्येक बदल लगेच नोंदला जातो आणि फाईलच्या जुन्या आवृत्त्याही पाहता येतात. पण अडचण अशी, की लाईट जाते तेव्हा वायफायचा राऊटरही बंद पडतो. संगणक यूपीएसवर चालू राहिला आणि राऊटर साध्या बोर्डावर असला, तर तुम्ही टाईप करत राहता आणि ते वर पोहोचत नाही. म्हणून राऊटरही यूपीएसवर घ्या, आणि गूगल शीट्समध्ये ऑफलाईनची सोय आधीच चालू करून ठेवा. ती नंतर चालू करता येत नाही, कारण तिला चालू करायलाच इंटरनेट लागते. आणखी एक गोष्ट. आपोआप जतन होणारी फाईल चुकाही आपोआप जतन करते. कोणी नजरचुकीने स्तंभ पुसला, तर न सेव्ह करता बंद करण्याचा जुना मार्ग तिथे राहत नाही. तेव्हा व्हर्जन हिस्टरी कुठे आहे हे गरज पडण्याआधी पाहून ठेवावे.

संगणकावरच काम करायचे असेल, तर एक्सेलच्या ऑप्शन्समधल्या त्याच सेव्ह पानावर ऑटोरिकव्हर प्रत किती वेळाने करायची याचा मूळचा आकडा 10 मिनिटांचा असतो. म्हणजे सुदैवानेही शेवटची दहा मिनिटे हातची जाऊ शकतात. तो 2 करा. आणि सेव्ह न करता बंद केल्यास शेवटची प्रत ठेवा, या अर्थाच्या ओळीपुढची खूणही तपासा. संगणक हळू होईल ही तक्रार हजारो ओळींच्या, सूत्रांनी भरलेल्या फाईलपुरती खरी आहे. खेपांच्या आणि उचलीच्या तक्त्याला तो विलंब जाणवत नाही. मोठ्या फाईलसाठी 5 ठेवा. पण ऑटोरिकव्हर हे सेव्ह करण्याला पर्याय नाही: ती फक्त अपघातासाठी केलेली तात्पुरती प्रत आहे, आणि फाईल नीट बंद केली की एक्सेल ती काढून टाकते. नवा तक्ता उघडल्यावर पहिला आकडा टाकण्याआधीच त्याला नाव देऊन सेव्ह करा. नंतर प्रत्येक दहा-पंधरा पावत्यांनंतर कंट्रोल आणि एस दाबा. सेव्ह अ‍ॅजच्या खिडकीत टूल्स, जनरल ऑप्शन्स इथे ऑलवेज क्रिएट बॅकअप ही खूण केली, तर प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत शेजारी राहते. ती कमीत कमी एक पायरी मागे जायला उपयोगी पडते.

उरतो तो सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि परत मिळालेल्या फाईलच्या आनंदात तोच राहून जातो. सापडलेली प्रत म्हणजे नेमका हिशेब असे लगेच धरू नये. ती कोणत्या मिनिटाची आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. ओळींची संख्या मोजा, शेवटचा पावती क्रमांक पाहा, पावत्यांच्या गठ्ठ्यातल्या शेवटच्या क्रमांकाशी तो ताडा. वजनाची बेरीज पुन्हा करा. बेरजेच्या चौकटीत सूत्र आहे की नुसता आकडा राहिला, हे त्या चौकटीवर उभे राहून वरच्या पट्टीत दिसते. पंधरवड्याचा हिशेब असेल तर मधल्या एक-दोन दिवसांच्या पावत्या काढून ओळीओळीने जुळवा. मधल्या ओळी सापडत नसतील, तर आठवणीने भरू नका. मुकादमाच्या उचलीत एक आकडा आठवणीने बसला, तर टोळीतल्या कोणाच्या तरी कोयत्याचा पैसा त्यात इकडेतिकडे होतो आणि त्याच्या हातात ते दाखवायला काहीच नसते. राहिलेल्या ओळी पावतीवरूनच भरा, शेजारी एक वेगळा स्तंभ घेऊन त्यात पुन्हा भरले असे लिहा आणि तारीख टाका. दुसऱ्या माणसाने पावती हातात घेऊन ते आकडे वाचून जुळवले, की मगच तो स्तंभ पुसा. तोवर त्या तक्त्यावरून कोणाचेही बिल चुकते करू नका, आणि कागदी पावत्यांचा गठ्ठाही फेकू नका.